खापर टॉवरच्या माथी

लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, आणि कारण म्हणून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा टॉवर दाखवला जातो. नालासोपारा, विरार, नायगाव, वसई रोड इथल्या सोसायट्यांत मोबाइल टॉवरचा वाद निघाला की कर्करोगापाठोपाठ हा मुद्दा येतो: टॉवरच्या, वायफायच्या आणि खिशातल्या फोनच्या रेडिएशनने तरुणांचे शुक्रजंतू मरत आहेत, म्हणून टॉवर हटवा. असे म्हणणारे लोक खोटारडे नाहीत. त्यांच्या काळजीमागे खरे दुःख असते आणि काही खरी संशोधनेही त्यांच्या बाजूने दाखवता येतात. तरीही हा दावा ज्या ठामपणे केला जातो तितका तो टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तो निरुपद्रवीही नाही. त्याच्या आडोशाला पुरुष स्वतःची तपासणी टाळतो आणि ज्या कारणांवर इलाज आहे ती कारणे तशीच राहतात.

आधी समोरच्या बाजूचा भक्कम पुरावा पाहू, कारण तो न पाहता केलेला प्रतिवाद म्हणजे पळवाट. २००८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अशोक अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या ३६१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज जितके तास फोन, तितकी शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि जिवंतपणा कमी, असे त्यात दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी वीर्याचे नमुने चालू फोनजवळ तासभर ठेवून पाहिले आणि हालचाल मंदावल्याचे नोंदवले. २०१२ मध्ये अर्जेंटिनात २९ निरोगी पुरुषांचे नमुने वायफायवर चालणाऱ्या लॅपटॉपखाली चार तास ठेवले, तेव्हा हालचाल घटली आणि डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण वाढले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या गटाने दहा अभ्यास एकत्र केले आणि हालचालीत सरासरी आठ टक्क्यांची घट काढली. आपल्याकडे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला दिलेल्या अहवालात टॉवरच्या धोक्यांची जी मोठी यादी होती, तिच्यात वंध्यत्वाचाही उल्लेख होता. वर्तमानपत्रांतून आणि फोनवरच्या संदेशांतून जे फिरते ते बहुतेक याच मालिकेतून आलेले आहे.

आता यातला एकेक दुवा तपासू. काचेच्या बशीतला शुक्रजंतू हा शरीराबाहेर काढलेला, एकटा पडलेला जीव असतो. उष्णता वाहून नेणारे रक्त त्याच्याभोवती नसते, मधे कातडी आणि स्नायूंचा थर नसतो, आणि काही तासांत तो एरवीही मरणारच असतो. बशीत फोन दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवून जे दिसते त्याने पुढचा प्रश्न कोणता विचारावा हे कळते. नालासोपाऱ्यातल्या एखाद्या जोडप्याला मूल का होत नाही, याचे उत्तर त्यात नसते. वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेल्या पुरुषांच्या अभ्यासाची अडचण निराळी आहे. दिवसाला चार तासांहून अधिक फोनवर असणारा माणूस तितकाच वेळ बसूनही असतो. तो कमी झोपतो, अनेकदा जास्त सिगारेटी ओढतो, त्याच्या कामाचा ताण वेगळा असतो. या गोष्टी नीट वेगळ्या न काढता सगळा दोष फोनला दिला, तर तो निष्कर्ष घाईचा ठरतो. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. याच अशोक अग्रवालांच्या गटाने २००५ मध्ये भारतातल्या, तंबाखू चघळणाऱ्या ६३८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तंबाखूचे प्रमाण वाढत जाते तसतसे वीर्य बिघडत जाते, असे त्यात स्पष्ट दिसले. तोही वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्याच पुरुषांचा अभ्यास होता, पण तंबाखूच्या बाबतीत त्याला इतर अनेक संशोधनांची साथ आहे. फोनचा अभ्यास आपल्याकडे घरोघर पोहोचला आणि तंबाखूचा कुणाच्या कानावरही आला नाही. दोष दुसऱ्याच्या गच्चीवर असला तर ऐकायला बरे वाटते, स्वतःच्या खिशातल्या पुडीत असला तर वाटत नाही.

या विषयावर माणसांचा आजवरचा मोठा अभ्यास स्वित्झर्लंडमधला आहे आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. २००५ ते २०१८ या काळात लष्करी भरतीच्या तपासणीला आलेल्या १८ ते २२ वर्षे वयाच्या २,८८६ तरुणांचे वीर्य तपासले गेले. जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्रजंतूंचे प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे साडेचार कोटी होते, आणि आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांत ते साडेपाच कोटींच्या थोडे वर. फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण पुढचे वाचा. शुक्रजंतूंच्या हालचालीत आणि आकारात फोनमुळे फरक दिसला नाही, म्हणजे बशीतल्या प्रयोगांचा मुख्य निष्कर्षच जिवंत माणसांत आढळला नाही. फोन पँटच्या खिशात ठेवणाऱ्यांत आणि न ठेवणाऱ्यांतही फरक दिसला नाही. आणि फोनचा जो संबंध दिसला तो अभ्यासाच्या सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे २००५ ते २००७ मध्ये, ठळक होता आणि पुढे फोर-जी येईपर्यंत फिका पडत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या खाली आकडा गेला की काळजी सुरू होते. साडेचार कोटी त्याच्या कितीतरी वर आहेत. ज्याचा अहवाल पन्नास लाखांचा आला आहे त्याच्या पन्नास लाखांचे स्पष्टीकरण या अभ्यासातून मिळत नाही.

हा संबंध वर्षागणिक फिका का पडला असावा? संशोधकांनी सुचवलेली शक्यता वसई-विरारच्या टॉवरविरोधाला थेट भिडते. जुना टू-जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर कमाल २ वॅट शक्तीने लहरी सोडू शकत असे. नव्या फोर-जी फोनची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट असते. त्यातही फोन सतत कमाल शक्तीने बोलत नाही. टॉवर जवळ असेल, सिग्नल चांगला असेल, तर तो आपली शक्ती कमालीची कमी करतो. टॉवर लांब गेला, मधे भिंती आल्या, की तीच शक्ती वाढवतो. विरार लोकलच्या धातूच्या डब्यात, चेंगराचेंगरीत, नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावरून धावताना खिशातला फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जात असतो आणि संपर्क टिकवण्यासाठी त्याला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे रेडिएशनचीच भीती असेल, तर वस्तीतला टॉवर हटवून ती कमी होत नाही. टॉवर जितका लांब जाईल तितका मांडीला चिकटलेला फोन अधिक शक्तीने लहरी सोडेल. शुक्रजंतूंच्या नावाने टॉवर पाडण्याची मागणी करणारा माणूस, स्वतःचेच म्हणणे खरे मानले तर, आपल्या मुलाच्या खिशातला संपर्क वाढवण्याची मागणी करतो आहे.

आकडेही तेच सांगतात. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४५० मिलिवॅट आहे. आंतरराष्ट्रीय मर्यादा संपूर्ण शरीरात दर किलोला ०.०८ वॅट ऊर्जा शोषली जाईल या हिशेबाने ठरवली आहे, म्हणजे आपली मर्यादा साधारण ०.००८ वॅटची झाली. हँडसेटची मर्यादा मात्र दर किलोला १.६ वॅट आहे, शरीराला टेकलेल्या भागातल्या एका ग्रॅम उतींपुरती मोजलेली. एक मोजमाप सगळ्या शरीराचे आहे आणि दुसरे इवल्याशा भागाचे, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवणे योग्य नाही. पण मांडीसारख्या एखाद्या जागेपुरते बोलायचे, तर मोठा स्रोत कोणता हे समजायला तेवढे पुरते. ज्यांना आपल्या घरातली पातळी तपासायची आहे त्यांच्यासाठी दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. ४,००० रुपये शुल्क भरून अधिकाऱ्यांकडून मोजणी करून घेता येते. पंचवीस घरांनी वर्गणी काढली तर घरटी १६० रुपये पडतात. वर्षानुवर्षे भांडण्यापेक्षा हे मोजून घ्यावे.

इथे दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा की धोका नसता तर सरकारने मर्यादा दहापट खाली का आणली? लोकांचा दबाव होता, न्यायालयांत अर्ज होते आणि सरकारने सावधगिरी पत्करली. सावधगिरी ही कबुली नसते. दुसरा आक्षेप असा की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्येच या लहरींना कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत टाकले. खरे आहे, पण ते वर्गीकरण कर्करोगाचे आहे, प्रजननाचे नाही; आणि त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. याच्या जोडीला रेडिएशन या शब्दाने मनात उभी राहणारी अणुभट्टीची भीती आहे, आणि पालघर जिल्ह्यात ती स्वाभाविक आहे, कारण तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून इथेच आहे. अणुभट्टीतला गामा किरण रेणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकतो आणि डीएनए थेट तोडू शकतो. फोनच्या लहरीतला ऊर्जेचा कण साध्या दिव्याच्या उजेडातल्या कणापेक्षा लाखो पटींनी दुबळा असतो. त्याने थेट डीएनए तुटत नाही. शरीरावर त्याचा सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊती किंचित तापणे. दुसरा काही मार्ग असेल, पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगे वाढत असतील, तर त्यावर संशोधन व्हावे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन एटकेन यांच्या गटाने २००९ पासून तो धागा धरला आहे, आणि तो निव्वळ थोतांड म्हणून झटकून टाकणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यांपैकी एक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नर उंदीर-घुशींना या लहरींखाली ठेवले तर माद्यांना गर्भ राहण्याचे प्रमाण घटते, असे त्यात नोंदले आहे, आणि २०२५ मध्ये लेखकांनी दुरुस्ती काढून या निष्कर्षाची खात्री आणखी वरच्या दर्जाची ठरवली. हे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच आढाव्यात हेही आहे की प्रयोगांतली मात्रा लोकांना सामान्यपणे मिळणाऱ्या मात्रेपेक्षा जास्त होती. घुशीचे संपूर्ण शरीर लहरींत बुडवणे आणि दीडशे फुटांवरच्या टॉवरखाली झोपणे यांत मात्रेचे अंतर प्रचंड आहे. मात्रा विसरून विषाची चर्चा होत नाही. २०२४ मध्येच माणसांवरच्या निरीक्षणांचा दुसरा आढावा आला. फोनमुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होत असल्यास तो अगदी थोडा किंवा शून्य, आणि उपलब्ध पुरावा फारच कच्चा, असे त्याचे म्हणणे. मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या अमेरिकी आणि डॅनिश जोडप्यांच्या २०२१ मधल्या अभ्यासातही एकूण संबंध दिसला नाही. फक्त सडपातळ पुरुषांत थोडासा दिसला, आणि त्याचे समाधानकारक कारण कुणाकडे नाही. एवढ्या कच्च्या पुराव्यावर “टॉवरमुळेच” म्हणणारा आणि “काहीच होत नाही, खात्री आहे” म्हणणारा, दोघेही पुराव्याच्या पुढे धावत आहेत. पहिल्याच्या धावण्याची किंमत मात्र घरातली माणसे भरतात.

शुक्रजंतूंची घट मोबाइलच्या काळातच झाली, असेही म्हणतात. हगाई लेव्हिन यांच्या गटाने केलेला जो जागतिक हिशेब नेहमी पुढे केला जातो, तो १९७३ पासून सुरू होतो आणि २०१८ पर्यंत निम्म्याहून अधिक घट दाखवतो. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. मोबाइल जगात कुठेही सामान्य माणसाच्या हातात नव्हता त्या दशकांतही ही उतरण चालू होती, तेव्हा तिची मुळे आधी दुसरीकडे शोधावी लागतील.

ती मुळे शोधायला वसई-विरारबाहेर जायला नको. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणून तर निसर्गाने वृषण शरीराबाहेर ठेवले. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हारच्या गाळ्यांत प्लास्टिकच्या मोल्डिंग मशिनपाशी आणि भट्ट्यांपुढे बारा-बारा तास उभे राहणाऱ्या तरुणांना ही उष्णता रोज मिळते, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली आणखीच. न्यूयॉर्कमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसलेल्या पुरुषांच्या वृषणकोशाचे तापमान पावणेतीन अंशांपर्यंत चढले. त्यातले दोन अंश तर लॅपटॉप नसतानाही, नुसत्या मांड्या जुळवून बसल्याने चढले होते. वायफाय बंद केल्याने हे तापमान उतरत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी गुजरातकडून महामार्गाने येणारा माल पालघर जिल्ह्यात वारंवार पकडला जातो. जो पकडला जात नाही तो पानटपरीवर मिळतो. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने वृषणांचे काम थांबवतात, काही जणांत शुक्रजंतू पूर्ण शून्यावर जातात. बिचारा तरुण ती ताकदीसाठी घेत असतो. टायफॉइड किंवा डेंग्यूचा जबर ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने आकडा खाली राहतो. मधुमेह, लठ्ठपणा, जुना जंतुसंसर्ग ही आणखी कारणे. आणि व्हेरिकोसील, म्हणजे वृषणावरच्या शिरा फुगणे: साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांत ते असते, मूल होत नसलेल्या पुरुषांत शंभरातल्या पस्तीस-चाळीस जणांत. डॉक्टरच्या हाताला ते कळते आणि गरज असेल तर शस्त्रक्रियेने दुरुस्त होते. टॉवरच्या चर्चेत यातल्या एकाचेही नाव येत नाही.

सावधगिरीत काय बिघडले, टॉवरविरोधाने नुकसान तर नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर इथे आहे. मूल होत नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचा काही ना काही दोष असतो. तरीही तपासणीची रांग बाईपासून सुरू होते. तिची सोनोग्राफी, तिच्या रक्ताच्या चाचण्या, गर्भनलिकांचा वेदनादायक एक्स-रे, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि या सगळ्या काळात सासरचे टोमणे. नवऱ्याची वीर्यतपासणी काही शे रुपयांत, सुईही न टोचता होते. ती शेवटी होते किंवा होतच नाही, कारण अहवालात काही निघाले तर मर्दपणाला बट्टा लागेल अशी भीती असते. टॉवरचे कारण या भीतीला सोयीचे आश्रयस्थान देते. दोष बाहेरचा ठरला की नवऱ्याला डॉक्टरसमोर बसावे लागत नाही. दोन-तीन वर्षे अशी जातात, तेवढ्यात बायकोचे वय बत्तिसाचे पस्तीस होते, आणि ती वर्षे कुठलेच आयव्हीएफ परत देऊ शकत नाही. हे नुकसान मला टॉवरच्या कोणत्याही लहरीपेक्षा मोठे वाटते.

या भीतीवर पोट भरणारेही आहेत. फोनला चिकटवायची रेडिएशनरोधक चकती, गळ्यात घालायचे पदक, असे बरेच काही विकले जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी फोनचे रेडिएशन कमी करणारी म्हणून शेणाची चिप जाहीर केली, तेव्हा शेकडो शास्त्रज्ञांनी तिचा पुरावा मागितला होता. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने फाइव्ह-जीपासून संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या आणि त्या वापरू नका असे बजावले, कारण त्या वस्तूंतूनच खरा, पेशींना घातक किरणोत्सर्ग बाहेर पडत होता.

टॉवरविरुद्ध लढणाऱ्यांची इतर गाऱ्हाणी मात्र खरी असू शकतात आणि ती नेटाने मांडली पाहिजेत. तीस वर्षांच्या, गळक्या, कधी परवानगीचा पत्ता नसलेल्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आणि बॅटऱ्यांचा भार चढवणे, रहिवाशांना न विचारता बिल्डरने परस्पर भाडे घेणे, रात्रभर डिझेल जनरेटरची धडधड, महापालिकेची थकलेली करवसुली: यातल्या प्रत्येक मुद्द्याला कागद आहे आणि कायद्याचा आधार आहे. त्या लढ्याला शुक्रजंतूंची कुबडी दिली की कंपनीचा वकील तेवढाच मुद्दा उचलतो, तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र जोडतो आणि भाराचा खरा प्रश्न बाजूला पडतो. जुही चावला यांच्या फाइव्ह-जीविरोधी दाव्याचे दिल्ली उच्च न्यायालयात जून २०२१ मध्ये काय झाले ते सर्वांसमोर आहे: दावा फेटाळला गेला आणि २० लाखांचा दंड झाला, जो पुढे २ लाखांवर आला.

फोन पुढच्या खिशाऐवजी पिशवीत ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि मीही त्याला विरोध करणार नाही. लॅपटॉप मांडीवर न घेता टेबलावर घ्यावा, तेही उष्णतेसाठी. पण महापालिकेकडे काही मागायचेच असेल तर मागणी वेगळी हवी. वसईच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात आणि पालिकेच्या इतर दवाखान्यांत मूल होत नाही म्हणून बाई आली, की पहिल्याच भेटीत नवऱ्यालाही बोलवावे, दोघांचा केसपेपर एकत्र निघावा आणि तिच्या कोणत्याही त्रासदायक तपासणीआधी त्याची वीर्यतपासणी व्हावी. दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळून नमुना द्यावा आणि पहिला अहवाल वाईट आला तर तो पुन्हा करावा, कारण एका अहवालावर निदान होत नाही. शुक्रजंतू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडणाऱ्याने किंवा भट्टीवरून दुसऱ्या कामाला गेलेल्याने तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. तेवढ्या काळात गच्चीवरचा टॉवर असेल तिथेच असेल, आणि बऱ्याच जणांचा आकडा तरीही वर गेलेला असेल.